चाकांवरचं घर, तेही बेताच्या पैशात: सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर, अथणी या पट्ट्यातून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत लष्करातून निवृत्त झालेले आहेत, घरून काम करणारी तरुण मंडळी आहेत, आणि मुलं परगावी गेल्यावर मोकळी झालेली जोडपीही आहेत. उत्तरं बाराही महिने गाडीत राहणाऱ्यांसाठी आहेत, चार दिवसांच्या सहलीसाठी नाहीत. या सगळ्यात माझा क्रम ठरलेला आहे: आधी कागद, मग वजन, मग पाऊस. फर्निचर सगळ्यांत शेवटी.

१. मोटरहोम, कॅम्पर व्हॅन, कॅराव्हॅन, ट्रेलर यांत फरक काय?

इंजिन आणि घर एकाच चासीवर असेल तर मोटरहोम. तेच छोट्या व्हॅनमध्ये बसवलं की कॅम्पर व्हॅन. ट्रेलरला इंजिन नसतं, तो दुसऱ्या गाडीने ओढायचा. घोटाळा होतो तो 'कॅराव्हॅन' या शब्दाने. परदेशी व्हिडिओंत कॅराव्हॅन म्हणजे ओढायचा ट्रेलर, तर आपल्या सरकारी कागदांत 'मोटर कॅराव्हॅन' म्हणजे इंजिनवाली गाडी. वाहन उद्योगाच्या मानकांत (एआयएस) तिचं मानक एआयएस-१२४ आणि ट्रेलरचं एआयएस-११३. एजंटशी बोलताना आपल्याला दोन्हींपैकी काय हवंय ते पहिल्या वाक्यातच सांगा.

२. आम्ही दोघंच. बजेट पाच-सहा लाख. मोटरहोम घेऊ की ट्रेलर?

महिन्यातून किती वेळा घर हलणार आहे, ते आधी ठरवा. दर आठ-पंधरा दिवसांनी जागा बदलणार असाल तर ट्रेलर नको. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या ओढायच्या कामासाठी बनवलेल्याच नसतात. ट्रेलर रिव्हर्स घेणं वेगळं शिकावं लागतं, गावातल्या बोळांत तो वळत नाही, आणि घाटात मागून येणारा धक्का नवख्याला सांभाळत नाही. शिवाय ट्रेलरचीही वेगळी नोंदणी लागते, कारण मोटार वाहन कायद्यानुसार तो वाहनच आहे.

वर्षातून दोन-तीनदाच हलवायचं असेल, स्वतःची जागा असेल आणि ओढायला दणकट गाडी आधीच दारात असेल, तर ट्रेलर स्वस्तात पडतो. इंजिन नाही म्हणजे त्याचा खर्चही नाही. ट्रेलरचं साधारण दहा टक्के वजन हुकवर यायला हवं, त्याहून कमी आलं तर वेगात तो शेपटी हलवायला लागतो. साडेसातशे किलोंच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर तो घेऊच नका.

बाकी सगळ्यांना माझा सल्ला सेकंडहँड व्हॅनचा. निम्मे पैसे गाडीला, पाव भाग आतल्या कामाला, आणि पाव भाग हात न लावता बाजूला. हा शेवटचा पाव भाग पहिल्याच वर्षात टायर, क्लच, बॅटरी यांत जातो. कारखान्यातून तयार होऊन आलेलं नवं मोटरहोम या रकमेत बसणार नाही, त्यामागे वेळ घालवू नका.

३. कोणती गाडी बघू? प्रत्येकजण वेगळं सांगतंय.

एकट्या माणसाला, किंवा बाहेर जेवणाऱ्या जोडप्याला मारुतीची ईको चालते. आत उभं राहता येत नाही, ही तिची मोठी अडचण. चार दिवस जाणवत नाही, दोन महिन्यांनी कंबर बोलायला लागते. सीएनजीची ईको घेतलीत तर मागची जागा टाकी खाते.

बाराही महिने राहायचं तर फोर्सची ट्रॅव्हलर किंवा टाटाची उंच छपराची विंगर बघा. पँट घालायला, भाजी परतायला, केस विंचरायला माणसाला सरळ उभं राहावं लागतं. पत्र्याची बॉडी तयार असते, त्यामुळे पावसाचं अर्धं काम आधीच झालेलं असतं. सुटे भाग आणि मिस्त्रीही सगळीकडे मिळतात.

पिकअप, अशोक लेलँडचा दोस्त किंवा टाटा एस अशा छोट्या मालगाडीवर डबा बांधणं स्वस्त पडतं. पण केबिन वेगळी आणि घर वेगळं, म्हणजे जुलैत एकातून दुसऱ्यात जाताना रोज भिजायचं. टाटाची ४०७ दणकट आहे, आवाज आणि डिझेल मात्र सोसावं लागेल. परिवहन मंडळाची लिलावात निघालेली जुनी बस दिसायला मोठी आणि दराला हलकी वाटते, पण भंगारात काढलेल्या बसचं पुन्हा पासिंग होईल असं गृहीत धरू नका. लायसन्सचा प्रश्नही उभा राहतो, तो प्रश्न ७ मध्ये.

आणखी एक. गोवा, कारवार, सिंधुदुर्गाकडची गाडी स्वस्त मिळते, कारण खाऱ्या हवेने ती खालून खाल्लेली असू शकते. गाडी रॅम्पवर चढवा, चासीवर छोट्या हातोडीने टकटक करत शेवटपर्यंत जा. ठणठणीत आवाज यायला हवा. बद्द आवाज आला किंवा रंगाच्या पापुद्र्याखाली तपकिरी भुगा निघाला तर परत फिरा. टायरवरचे चार आकडेही वाचा: '२३२२' म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचा टायर घाटात नेऊ नये.

४. वजनाचं एवढं काय? पिकअपमध्ये लोक दोन-दोन टन भरतात की!

भरतात, पण ते उतरवतातही. तुमचं घर चोवीस तास भरलेलंच असणार. पाटे, ब्रेक, बेअरिंग, टायर कधीच मोकळे होत नाहीत.

हिशेब आरसीवरून, म्हणजे नोंदणीपत्रावरून करा. भरलेल्या गाडीचं वजन वजा रिकामं वजन, एवढीच तुमची मुभा. समजा ती ७०० किलो आहे. दोन माणसं १३०, शंभर लिटर पाणी १००, एक ट्युब्युलर बॅटरी साठेक, सोलर पॅनेल २०-२२, छोटा फ्रिज २०, गॅस १०, कपडे-भांडी-अंथरूण १००, जॅक-पान्हे-स्टेपनीचं सामान ३०. झाले ४७० किलो. भिंती, छप्पर, पलंग, ओटा या सगळ्यांना मिळून उरले २३०. आता आठ बाय चार फुटांची १८ मिलीमीटर प्लायची एक शीट पस्तीस किलोंच्या आसपास भरते. अशा सहा लागल्या की संपलं. म्हणून कपाटांना ६ मिलीमीटरची प्लाय, आतून पातळ पट्ट्यांची चौकट, आणि दारांच्या जागी पडदे.

आपल्या भागात वजनकाट्यांना तोटा नाही. काम सुरू करण्याआधी रिकामी गाडी तोलून पावती घ्या. काम अर्धं झालं की पुन्हा, पूर्ण झालं की पाणी भरून आणि दोघं आत बसून पुन्हा. पुढची चाकं आणि मागची चाकं वेगवेगळी तोला. मुभेतला दहावा हिस्सा तरी मोकळा राहायला हवा.

५. जुन्या व्हॅनमध्ये पलंग-ओटा बसवला तर आरटीओ धरतंय काय?

बसवलं कसं, यावर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलाबाहेरच्या बदलांबाबत हेच सांगितलं. सीट काढल्या म्हणजे आसनसंख्या बदलली. छप्पर कापून वर उचललं म्हणजे बॉडी बदलली. हे दोन्ही आरसीवर यायलाच हवं. उचलून बाहेर ठेवता येणारी खाट, पेटीतला ओटा, पडदे, पाण्याचे कॅन हे सामान झालं.

कायम राहायचं असेल तर अर्धवट काम नको. खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन हा वेगळा, बिगर-वाहतूक वर्ग नियमांत आहे. त्यासाठी आराखडा घेऊन आधी आरटीओकडे लेखी अर्ज, मंजुरी हातात, मग काम, मग तपासणी आणि आरसीत नोंद. नव्या चासीवर बॉडी बांधून घेत असाल तर बांधणाऱ्याकडून फॉर्म २२-ए, म्हणजे बॉडी नियमांप्रमाणे बांधल्याचा दाखला, मिळणार का, हे ॲडव्हान्स देण्याआधी विचारा. पिवळ्या पाटीची टुरिस्ट गाडी घेतली असेल तर परमिट परत करणं, टॅक्समधला फरक भरणं आणि पाटी पांढरी करणं, हे सगळं त्या अर्जाच्या आधी.

'नंतर बघू, करून देतो' म्हणणाऱ्या एजंटवर विसंबून हातोडा उचलू नका. विमा कंपनीलाही बदल कळवा. न कळवलेल्या बदलाचं निमित्त होऊन दावा अडला, तर गाडी आणि घर दोन्ही एकदम जातात.

६. कोल्हापुरात एमएच-०९ ची गाडी स्वस्त मिळतेय. मी राहतो निपाणीत. घेऊ?

घ्या, पण कागदांसह. एका राज्यातली नोंदणी देशभर चालते. मात्र गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो, हे कलम ४७. तुमचा पत्ता निपाणीचा, म्हणजे गाडी कर्नाटकातच राहणार हे उघड आहे. तेव्हा व्यवहारातच मूळ आरटीओची एनओसी (ना-हरकत), म्हणजे फॉर्म २८, आणि हस्तांतराचे २९ व ३० मागून घ्या. कर्ज असेल तर ते फिटल्याचा बँकेचा फॉर्म ३५ सुद्धा. कर्नाटकचा रोड टॅक्स किती पडेल ते चिक्कोडीच्या, म्हणजे केए-२३ च्या कार्यालयात विचारा आणि तो आकडा किमतीत मिळवून मगच 'स्वस्त' म्हणा. बऱ्याचदा फरक तिथेच संपतो.

खरोखर दोन्हीकडे राहणं होत असेल तर फास्टॅगच्या नोंदी जपून ठेवा. राज्याच्या सीमेवरचा कोगनोळीचा टोलनाका कधी ओलांडला ते त्यात तारखेसह असतं.

नोकरीत असलेले जवान, केंद्र-राज्य सरकारी कर्मचारी, आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खाजगी कंपन्यांचे नोकरदार यांना २०२१ पासून बीएच (भारत) मालिकेचा नंबर मिळू शकतो. त्यात टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरता येतो.

७. माझं साधं कारचं लायसन्स आहे. चालेल?

एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या, लायसन्सवर ७,५०० किलोंपर्यंतची हलकी वाहनं चालवता येतात. त्या मर्यादेतल्या वाहतूक वाहनांसाठीही वेगळी नोंद लागत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. ईको, विंगर, ट्रॅव्हलर, पिकअप यांत बसतात. मोठी बस बसत नाही.

८. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. गाडीत निभाव लागतो का?

सगळ्यांत जास्त हाच प्रश्न येतो, आणि खानापूर तालुक्यातून तर हमखास. जांबोटी, कणकुंबीकडे पाऊस नुसता वरून पडत नाही, तो आडवा येतो आणि धुकं होऊन आतही शिरतो.

गळती बहुतेक वेळा छपराला पाडलेल्या भोकांतून होते. सोलरचा स्टँड, वरचा पंखा, कॅरिअर, प्रत्येक स्क्रू म्हणजे एक वाट. भोकं कमी पाडा, आणि पाडाल तिथे आधी गंजरोधक रंग, मग रबरी वॉशर, मग वाहनांसाठीचं पॉलियुरेथेन सीलंट. न्हाणीघराचं स्वस्त सिलिकॉन उन्हाळ्यात सुटतं. डबा बांधत असाल तर छपराला मागच्या बाजूने थोडा उतार द्या आणि प्रत्येक खिडकीच्या डोक्यावर पत्र्याची बाहेर आलेली पट्टी लावा, म्हणजे पागोळ्या काचेवर न येता बाहेर पडतील.

आतलं काम सुरू करण्याआधी गाडी वॉशिंग सेंटरला न्या. बाहेरून अर्धा तास जोराचं पाणी मारायला सांगा, आणि स्वतः आत बसून टॉर्चने प्रत्येक सांधा बघा. थेंब दिसला तिथे खडूने खूण करा. प्लाय लागल्यावर हीच गळती शोधायची तर भिंत उचकटावी लागते.

दुसरा शत्रू आतली ओल. दोन माणसांचा श्वास, चहा-भाताची वाफ आणि वाळत घातलेले कपडे यांनी पत्र्याला आतून घाम फुटतो. गादी सलग प्लायवर ठेवली तर महिन्याभरात खालून काळी पडते, म्हणून पलंगाला फटी ठेवून फळ्या मारा. समोरासमोर दोन ठिकाणी, पावसातही उघडी ठेवता येतील अशी हवेची वाट हवी.

मात्र घर हलतं आहे, याचा फायदा घ्या. आपला जिल्हाच असा आहे की पश्चिमेला घाटाचा पाऊस आणि पूर्वेला अथणी-रायबागचा कोरडा मुलूख. जुलै-ऑगस्टमध्ये गोकाक-अथणीकडे सरका, एप्रिल-मेमध्ये खानापूरच्या झाडीकडे या. बाराही महिने कणकुंबीतच थांबणार असाल, तर चाकांवरच्या घरापेक्षा कौलारू घर बरं.

९. आणि अथणीकडचा उन्हाळा?

छपराला आतून किमान इंचभर फोमच्या शीट, बाहेरून पांढरा रंग, आणि दुपारी झाडाची सावली. एसीचा विचार करण्याआधी प्रश्न १० वाचा.

१०. सोलरवर सगळं चालेल का? फ्रिज, मिक्सर, एसी?

एसी नाही. बाकी चालेल, पण हिशेबाने. छोट्या १२ व्होल्टच्या फ्रिजला दिवसाला अर्धा युनिट, कमी वीज खाणाऱ्या दोन बीएलडीसी पंख्यांना रात्रभर अर्धा ते पाऊण, दिवे-मोबाइल-लॅपटॉपला मिळून पाव ते अर्धा. म्हणजे दीड युनिट धरा. चारशे वॉटचं पॅनेल डिसेंबर ते मेपर्यंत साधारण तेवढं देतं. पावसाळ्यात तिसरा हिस्सा मिळाला तरी पुष्कळ, म्हणून चालत्या इंजिनवरून चार्जिंगची सोय आणि बाहेरून २३० व्होल्ट घ्यायचा सॉकेट हवाच.

१२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास) ची ट्युब्युलर बॅटरी कागदावर १.८ युनिटांची, पण निम्मीच वापरावी, नाहीतर लवकर बसते. १०० एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी सव्वा युनिटाची, त्यातलं एक युनिट बिनधास्त वापरता येतं, आणि तिचं वजन बारा किलोंच्या आसपास. किंमत जास्त आहे, तरीही पैसे वाचवायचे तर ते इथे वाचवू नका. प्रत्येक वायरला बॅटरीजवळ फ्यूज असू द्या. मिक्सर दोन मिनिटांचाच असतो, पण त्यासाठी हजार व्हीएच्या वरचा इन्व्हर्टर लागतो.

११. घरचा सिलिंडर गाडीत नेला तर?

नको. तो घरच्या पत्त्यावर दिलेला आहे, आणि १४.२ किलो गॅसच्या सिलिंडरचं ओझंही मोठं. पाच किलोंचा सिलिंडर ओळखपत्र दाखवून मिळतो. तो उभा, पट्ट्याने बांधलेला, बाहेर उघडणाऱ्या कप्प्यात ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. त्या कप्प्याच्या तळाला बाहेर जाणारं भोक हवं. शेगडी पेटवून आतली थंडी घालवू नका आणि झोपताना रेग्युलेटर बंद करा. पावडरचा अग्निशामक दाराजवळ ठेवा, शेगडीच्या मागे ठेवलात तर वेळेला हात पोहोचणार नाही.

१२. संडास-आंघोळीचं कसं करायचं? विचारायला लाज वाटते.

लाजू नका, यावरच बायकामाणसांचा होकार-नकार ठरतो आणि ते योग्यच आहे. पेट्रोलपंपावर अवलंबून बाराही महिने राहणं, विशेषतः रात्री, बाईमाणसाला शक्य नाही. खालची टाकी सुटी निघणारा पोर्टेबल संडास घ्या. टाकी घरच्या किंवा ओळखीच्यांच्या सेप्टिक टाकीतच रिकामी करा. कोरडा पर्याय हवा असेल तर लघवी वेगळी साठवणारं भांडं आणि वर सुताराकडचा लाकडाचा भुसा. ओढ्यात, नाल्यात, उसाच्या बांधावर काहीही सोडू नका.

पाणी माणशी वीस लिटर धरलं तर शंभर लिटर दोघांना अडीच दिवस पुरतं. सांडपाण्याची टाकी तेवढीच हवी.

१३. काम कुठे करून घेऊ?

बाहेरगावी नेण्याची गरज नाही. उद्यमबाग आणि मच्छेच्या भागात पत्रा, पाईप, वेल्डिंगमधले हात पिढ्यांचे तयार आहेत. फक्त त्यांना मजबूत म्हणजे जड असंच सांगण्याची सवय असते. तोंडी ठरवू नका. पाईपचा गेज, प्लायची जाडी आणि एकूण वजनाची मर्यादा कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. पैसे टप्प्याने द्या आणि एक टप्पा वजनकाट्याच्या पावतीला बांधा.

१४. रात्री गाडी कुठे लावायची?

मोठे ढाबे, पंप, धर्मशाळांची आवारं, ओळखीच्यांची शेतं, आणि नेहमी विचारूनच. हायवेच्या कडेला कधीच नाही. भीमगड अभयारण्याच्या परिसरात जंगलात मुक्काम करू नका. शहरात एकाच गल्लीत चार रात्री राहिलात तर लोक विचारणारच. पहिल्याच दिवशी शेजारच्या दुकानदाराशी बोलून ठेवा.

१५. कोकणात उतरायला कोणता घाट?

पहिल्यांदा आंबोली. चोर्ला आणि अनमोड सवय झाल्यावर, पावसाळ्यात दरडी आणि बंदीची चौकशी करून. चंदगडहून दोडामार्गला उतरणारा तिलारी घाट लांब गाडीला नकोच, तिथली वळणं फार तोकडी आणि उतार उभा. उतरताना चढायला लागेल तोच गिअर. पाय सतत ब्रेकवर राहिला तर ब्रेक तापून धरेनासे होतात. एवढं करून ब्रेक कमी पडत असतील तर प्रश्न ४ कडे परत या.

१६. घर सोडलं तर पत्ता, रेशन, मतदान यांचं काय?

जमिनीवरचा एक पत्ता सोडू नका. भावाचं घर, आईचं घर, जे असेल ते, पण तिथे खरोखर येणं-जाणं हवं. आरसी, विमा, बँक, आधार यांवर तोच एक पत्ता राहू द्या. मतदारयादीत तात्पुरत्या गैरहजेरीमुळे नाव जात नाही, कायद्यात तसं स्पष्ट आहे. पण पडताळणीला माणूस आला आणि घरच्यांनी 'ते इथे राहत नाहीत' असं सांगितलं तर कटकट होते. सीमाभागातल्या मराठी मतदाराचं नाव यादीत असणं मला फार मोलाचं वाटतं. निवडणुकीआधी यादी स्वतः तपासा. मुलं शाळेत असतील तर मात्र शाळेच्या दिवसांत घर एका जागी ठेवा.

१७. उसाची ट्रॉली पडून आहे. तिच्यावरच घर बांधलं तर?

स्वतःच्या रानात उभं ठेवायला उत्तम. रस्त्यावर राहायला नाही. तिची नोंदणी शेतीकामाची असते, बऱ्याच ट्रॉल्यांना पाटे आणि ब्रेक नसतात, आणि धक्क्यांनी तुमचे सगळे सांधे सुटतील. सौंदत्तीच्या यल्लम्माला ट्रॅक्टर-ट्रॉलीतून लोक जातात हे खरं, पण ती चार दिवसांची यात्रा असते.

१८. शेतात कायम उभं केलं तर बिनशेती करावी लागते का?

चाकं आहेत, म्हणून जमिनीचे नियम लागत नाहीत असं समजू नका. खाली काँक्रीट, सेप्टिक टाकी, वीजजोडणी आली की ते घरासारखं दिसायला लागतं. उतारा घेऊन तहसीलमध्ये आणि ग्रामपंचायतीत आधी विचारा, वीजजोडणीसाठी हेस्कॉम या वीज कंपनीकडे. काँक्रीट न घालता मुरूम-खडीवर उभं करणं केव्हाही बरं, चाकंही चिखलात रुतत नाहीत.

१९. पैसे घालण्याआधी अंदाज कसा घ्यायचा?

घरातल्या हॉलमध्ये खडूने सहा बाय अकरा फुटांचा चौकोन आखा. आठ दिवस दोघांनी त्यातच झोपायचं, स्वयंपाक करायचा, काम करायचं, दिवसाला चाळीस लिटर पाणी मोजून. भांडण कशावरून होतं ते लिहून ठेवा. ओट्यावरून झालं तर ओटा मोठा करा, कामाच्या फोनवरून झालं तर दोन टोकांना दोन बैठका करा.

२०. गाडी खाजगी कॅम्पर म्हणून पास झाली. डिसेंबरात गोव्याला भाड्याने दिली तर तेवढाच हातभार?

देता येणार नाही. प्रश्न ५ मधली नोंदणी स्वतःच्या वापराची आहे. भाडं घेतलं की ती वाहतूक गाडी ठरते. मग वेगळी नोंदणी, परमिट, दरवेळचं फिटनेस आणि वेगळा विमा आला. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेही व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे. ओळखीच्यांना 'नुसतं डिझेल घालून' दिली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी पैसे घेतले होते का हेच आधी विचारते. व्यवसायच करायचा असेल तर पहिल्या अर्जातच तसं लिहा आणि राहायची गाडी वेगळी ठेवा.